लाल ठिपक्यांचा हंगाम

परवा क्रांती चौकात सिग्नलला रिक्षा थांबली, आणि शेजारीच सीताफळांची हातगाडी. गवतावर मांडलेली फळं, डोळे उघडलेली, खवल्यांच्या फटींतून आतला पांढरा गर दिसणारी. वर दोन गांधीलमाश्या घिरट्या घालत होत्या. मी तोंड दुसरीकडं फिरवलं. रिक्षावाले काका आरशातून बघत होते.

"घ्यायची का मॅडम? खुलताबादकडचा माल दिसायला."

"नको."

"शुगर हाय व्हय?"

आमच्या शहरात सीताफळ नको म्हणणाऱ्या माणसाला शुगरच असते, दुसरं कारण कुणाला सुचत नाही. मी म्हटलं, "शुगर नाही. किळस येते." काकांनी मागं वळून पाहिलं. मी जणू देवगिरीच्या किल्ल्याला नावं ठेवली होती. सिग्नल हिरवा झाला तरी ते पुटपुटत होते, "सीताफळाची किळस? लई नवल."

नवल आहे खरं. मी मूळची खवय्यी. सीताफळाच्या बिया गालात साठवून, मग एकदम थुंकायच्या, ही आमची भावंडांची शर्यत असायची. आणि किळस म्हणावी तर तिच्याशी माझी ओळख पोटापाण्याची आहे. मी मधुमेहावर काम करते. स्वादुपिंडातल्या पेशींवर. बकऱ्याचं स्वादुपिंड हातात धरणं, चिरणं, गाळणं यात माझी पंधरा-सोळा वर्षं गेली. पण ज्या किळसेनं माझं सीताफळ सुटलं ती कत्तलखान्यातली नाही. ती एका हंगामाची आहे. दसऱ्याच्या आधी सुरू झाला आणि दिवाळीच्या तोंडाशी संपला, असा जेमतेम महिनाभराचा हंगाम. त्याला आता बारा वर्षं झाली.

त्याच दुपारी फोन आला. आमच्या सरांनी सत्तरी गाठली, गौरवग्रंथ काढताहेत, समितीच्या कुणा बाई बोलत होत्या. आवाज साखरेच्या पाकातला. "तुम्ही सरांच्या जुन्या विद्यार्थिनी ना? एक हृद्य आठवण द्या. चार पानं चालतील."

हृद्य! तो शब्द कानात शिरला आणि जिभेवर आंबट पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. मी म्हटलं, "माझ्याकडं एकच आठवण आहे, आणि ती तुमच्या ग्रंथात बसणार नाही." बाई हसल्या. त्यांना तो विनय वाटला. त्यांना स्पष्ट नकार देऊन मी फोन ठेवला. पण आठवण ठेवता येत नाही खाली.

आमच्या घरात आजोबा याज्ञिकी करायचे, वडील तहसिलीत कारकून. अंड्याचं टरफलसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही. अशा घरातली मी, पीएच.डी.ला नाव घातलं आणि पहिल्याच आठवड्यात थर्माकोलचा डबा, त्यात बर्फ, घेऊन स्कूटीवर कत्तलखान्यात गेले. रक्त, शेण, ओले केस आणि त्यावर मारलेलं फिनेल, असा तो वास. आत पाऊल टाकलं आणि पोटातलं सगळं घशाशी आलं.

तिथं खलीलचाचा होते. साठीचे, मेंदी लावलेली दाढी, कमरेला रबराचा ॲप्रन. माझा चेहरा बघून त्यांनी सुरी खाली ठेवली.

"पहली बार आये क्या बेटा? ओकना है तो उधर नाली पे ओको. शरम कायकू?"

मी ओकले. त्यांनी मगभर पाणी दिलं, तोंड धुवेपर्यंत पाठ फिरवून उभे राहिले. मग विचारलं, "लबलबा होना ना तुमकू?" लबलबा म्हणजे स्वादुपिंड, हा शब्द मी त्यांच्याकडून शिकले. आतड्याच्या वळणात लपलेला तो फिकट गुलाबी, चिकट तुकडा त्यांनी दोन बोटांनी अलगद सोडवला आणि बर्फात ठेवला. "जल्दी जाव. ये ठंडा नहीं रख्या तो अपने आप कू खा जाता."

हे खरं आहे. स्वादुपिंडात अन्न पचवणारे रस असतात. प्राणी मेला की तेच रस त्या अवयवालाच पचवायला घेतात. तासाभराचा उशीर झाला की हातात फक्त दुर्गंधी उरते. जी गोष्ट मला पुस्तकात दोन पानं वाचून कळली होती ती चाचांनी एका वाक्यात सांगितली.

मग डिपार्टमेंटपर्यंत स्कूटी पळवायची. चरबी काढायची, बारीक तुकडे करायचे, कोमट पाण्यात एका विशिष्ट औषधाबरोबर हलवत ठेवायचे. मांस विरघळतं आणि त्यातून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके मोकळे होतात. डोळ्यांना दिसतील न दिसतील असे, खसखशीच्या दाण्याहून लहान. एक रंग टाकला की ते लाल होतात. पिवळट गाळात लाल लाल ठिपके. काचेच्या बारीक नळीनं एकेक ठिपका उचलायचा. मान अवघडते, डोळ्यांतून पाणी येतं. पण पहिल्यांदा ते ठिपके दिसले तेव्हा मी मोठ्यानं हसले होते. एवढ्या घाणीतून हे निघतं! संध्याकाळी घरी गेले की आई मला मागच्या दारानं थेट न्हाणीत पाठवायची, आणि मी न्हाणीतून ओरडून तिला सांगायची, "आई, आज दोनशे मिळाले!" ती म्हणायची, "मिळाले ना, मग कानामागून साबण लाव."

तेव्हा माझी समजूत अशी होती की या कामातली किळस तेवढीच. साबणानं जाणारी.

सरांचा विषय सीताफळाच्या पानांचा होता. पाल्याचा काढा शुगरवर चांगला, असं खेड्यापाड्यांत म्हणतातच. सरांना ते पेशींवर सिद्ध करायचं होतं. म्हणजे असं, की एका विषारी रसायनानं ते लाल पुंजके मारायचे, मग पाल्याचा अर्क घालायचा, आणि पुंजके पुन्हा तरारतात का ते बघायचं. पाला आणायला मी खुलताबादला जायची. दर्ग्याच्या पुढं, गावकुसाबाहेर सुमनबाईंचा मळा होता. पाच-सहा एकर माळ, बांधाबांधाला सीताफळं. नवरा गेलेला, लेक एकच. वैशाली, बारा वर्षांची. तिला सगळे वैशू म्हणत. तिला लहानपणापासून मधुमेह होता, मोठ्या माणसांचा नव्हे, लहान मुलांना होतो तो. त्यात शरीर स्वतःच्याच त्या पेशी मारून टाकतं. इन्सुलिनची सुई रोज, आयुष्यभर. दुसरा इलाज नाही.

वैशू माझ्यासमोर बसून स्वतःच्या पोटाला सुई टोचायची, आणि टोचताना माझ्याकडं बघायची, मी डोळे मिटते का ते पाहायला. मी मिटायची नाही. म्हणून तिची माझी गट्टी जमली. एकदा तिनं विचारलं, "मॅडम, तुम्ही त्या पेशी बघता ना, मग माझ्यात टाका की थोड्या."

"तेवढं नाही येत अजून."

"कवा येईल?"

"येईल एखाद दिवशी."

सुमनबाई पाल्याचं पोतं बांधत होत्या. त्यांनी ऐकलं. माझ्यासाठी ते एका पोरीला दिलेलं गोड उत्तर होतं. त्यांच्यासाठी तो शब्द होता, शिकलेल्या बाईचा.

पाल्यानं पेशी जिवंत झाल्या नाहीत. सहा वेळा केलं, नऊ वेळा केलं. अर्क कमी घातला, जास्त घातला. मेलेले पुंजके फिकट पडून, विस्कटून तळाशी पडलेले असायचे, भिजलेल्या राखेसारखे. मी सगळे फोटो काढले, वहीत लिहिलं, सरांच्या टेबलावर ठेवलं. सर म्हणाले, "हं. बघू." सर नेहमी मऊच बोलत. पांढरा शर्ट, खिशाला पेन, कधी कुणावर आवाज चढवलेला ऐकला नाही.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी आमचा शोधनिबंध एका परदेशी नियतकालिकात छापून आला. माझं नाव दुसरं. मला तो सरांनी स्वतः प्रिंट काढून दिला, वर सही करून. मी जागेवर येऊन उघडला. तिसऱ्या पानावर दोन फोटो. पहिल्यात मेलेले पुंजके. दुसऱ्यात, 'अर्क दिल्यानंतर', गोल, गच्च, विटकरी-लाल पुंजके. सुंदर.

त्या सुंदर फोटोच्या कडेला कापसाचा एक धागा होता. 'ट' अक्षराच्या आकाराचा, खाली वळलेला.

तो धागा माझ्या ॲप्रनचा होता. पावसाळ्यात मी निरोगी पेशींचा, ज्यांना विषही दिलं नव्हतं आणि अर्कही, असा एक फोटो काढला होता, आणि त्यात हा धागा आला म्हणून स्वतःवर चिडले होते. तेव्हा तो डावीकडं होता. आता उजवीकडं होता. कुणीतरी फोटो आरशात धरल्यासारखा उलटा केला होता आणि खाली नवं नाव लिहिलं होतं.

मी ते पान तीन-चारदा उघडलं, मिटलं. मग काय केलं? काही नाही. प्रबंध सादर व्हायला दोन महिने होते. सरांची सही हवी होती. घरी वडिलांनी पेढे वाटायला कधीची तयारी केली होती. मी स्वतःला सांगितलं, सरांकडून फोटोंची अदलाबदल झाली असेल. विचारू सावकाश. हे वाक्य मी किती सहज तयार केलं! खोटं बोलायला मला सरांनी शिकवलं नाही. ते मी तिथं, त्या खुर्चीत बसून, एकटीनं शिकले.

दसऱ्यानंतर सत्कार झाला. सभागृहात गुलछडीचे हार, अत्तर, नव्या सतरंजीचा वास. कुणी पुढारी आले होते. सरांना शाल, श्रीफळ. सर माइकवर मऊ आवाजात म्हणाले, "इन्सुलिनच्या सुईपासून मुक्ती, तीही आपल्या बांधावरच्या झाडानं. ती पहाट आता दूर नाही." टाळ्या. मग त्यांनी मला स्टेजवर बोलावलं आणि सेलोफेनमध्ये गुंडाळलेला गुच्छ दिला. मी तो घेतला. फोटोवाला म्हणाला, मॅडम, हसा जरा. मी हसले.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तो फोटो होता. सर, मी, गुच्छ. वर ठळक अक्षरांत, सीताफळाच्या पाल्यानं मधुमेह बरा होणार. आईनं ते कात्रण देवघराच्या भिंतीला लावलं. मी कत्तलखान्यातून आले की मागच्या दारानं जायची, आणि त्या भिंतीवर मी हार घातल्यासारखी मिरवत होते.

दिवाळी चार दिवसांवर आली होती. सकाळी दहाच्या सुमारास सुमनबाईंचा फोन आला.

"मॅडम, वैशू कसंतरीच करायली."

"म्हणजे काय करतेय?"

"रातीपासून ओकायली. आता श्वास लई जोरात घ्यायली, पळून आल्यावानी. नीट बोलंना. औषध लागू पडायलं का? असंच व्हतं का आधी?"

"कोणतं औषध?"

"आपलाच पाला की! काढा देते दोन टाइम. पेपर आला ना तुमचा. गुरुजींनी वाचून दाखवला."

मी विचारलं, "सुमनबाई, सुई? इन्सुलिन शेवटचं कधी दिलं?"

"सुई बंद केली की. तीन दिस झालं. आता कशाला तिला टोचायचं, म्हणलं. तुम्हीच तर..."

मी ओरडले, "जीप करा, आत्ता! इथं आणा, सरकारी दवाखान्यात. मी दारात उभी राहते."

त्या आल्या तेव्हा वैशू आईच्या मांडीवर आडवी होती. डोळे अर्धे उघडे, ओठ कोरडे, तडकलेले. छाती भात्यासारखी. मी तिला उचलायला वाकले आणि तिचा श्वास माझ्या तोंडावर आला.

तो पिकलेल्या फळाचा वास होता. गोड, उतू चाललेला, थोडा नासलेला. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळायला लागतं, रक्त आंबतं, आणि श्वासाला असा वास येतो. मी तो पुस्तकात वाचला होता, परीक्षेत लिहिला होता, त्याला गुण मिळवले होते. आता तो माझ्या नाकात होता आणि एका मुलीच्या तोंडातून येत होता. जीपच्या मागं सीताफळांची पाटी होती. सुमनबाईंनी घाईत काढायची राहिली असेल. दोन्ही वास एकात एक मिसळले. तेव्हापासून मला ते वेगळे करता येत नाहीत.

आत एक तरुण डॉक्टरीण होती, दोन दिवस झोपली नसावी असा चेहरा. सलाइन लावता लावता तिनं विचारलं, "इन्सुलिन कुणी बंद केलं?"

सुमनबाई रडत नव्हत्या. त्यांनी माझ्याकडं बोट केलं नाही, पण मान वळवली. "या मॅडमच्या औषधावर इस्वास ठेवला," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात आरोप नव्हता. त्या मला साक्षीला बोलावत होत्या. मी मोठी बाई, मी काहीतरी सांगेन, मग डॉक्टरीण रागावणार नाही, असं त्यांना वाटत होतं.

डॉक्टरीण माझ्याकडं बघत राहिली. "तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. संशोधन करते."

"बाहेर थांबा," ती म्हणाली.

संशोधन या शब्दाची लाज वाटली, असा तो पहिला दिवस. बाहेर बाकावर बसले. हाताला सेलोफेनचा चरचरता स्पर्श आठवत होता. मी उठून नळाखाली हात धुतले, पुन्हा धुतले. कत्तलखान्यातून आल्यावरही मी कधी इतके धुतले नव्हते.

वैशू वाचली. तिसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडून पाणी मागितलं. हे आधीच सांगून टाकते, कारण या गोष्टीत चांगलं असं एवढंच आहे.

त्या तिसऱ्याच दिवशी मी सरांकडं गेले. सर केबिनमध्ये सीताफळ खात होते. चमच्यानं गर घ्यायचे आणि काळ्याभोर, लाळेनं चकाकणाऱ्या बिया एका पेट्री डिशमध्ये थुंकायचे. ज्या काचेच्या तबकडीत आम्ही पेशी वाढवतो, त्या तबकडीत.

मी म्हटलं, "सर, तिसऱ्या पानावरचा फोटो निरोगी पेशींचा आहे. उलटा केलाय."

"अगं, प्रातिनिधिक आहे तो." एक बी तबकडीत पडली. "छापणाऱ्यांना स्पष्ट चित्र लागतं."

"पण अर्कानं पेशी जगल्याच नाहीत. नऊ वेळा."

"आज नाही, उद्या जगतील. दिशा बरोबर आहे आपली."

"सर, खुलताबादची ती मुलगी, पाला देतात त्यांची, तिचं इन्सुलिन बंद केलं. मरता मरता वाचली."

सरांनी चमचा ठेवला. रुमालानं ओठ टिपले. चेहऱ्यावर खरंच दुःख होतं, तेच मला सहन होईना. "अरेरे. वाईट झालं. पण इन्सुलिन बंद करा असं आपण कुठं लिहिलंय? अडाणी लोक असतात, काय करणार." मग अगदी प्रेमानं म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नकोस. प्रबंधाचं बघ. मी सही करून ठेवतो."

मला त्यांच्या अंगावर ओकावंसं वाटलं. ही अलंकारिक भाषा नाही. मी बाहेर आले आणि जिन्याशेजारच्या कुंडीत ओकले. पाणी द्यायला तिथं कुणी नव्हतं.

मी विद्यापीठाकडं तक्रार केली. वही जोडली, मूळ फोटो जोडला, धाग्याभोवती लाल पेनानं गोल केला. समिती बसली, चहा झाला, पुन्हा बसली. 'अनवधानानं झालेली चूक' असं ठरलं. सर होते तिथंच राहिले. मला मार्गदर्शक बदलावा लागला, विषय बदलावा लागला, मागचं सगळं काम पाण्यात गेलं. डिपार्टमेंटमधली माणसं माझ्याशी अशी बोलायला लागली जशी घरात अशौच असलेल्या माणसाशी बोलतात. लांबून, हळू आणि थोडक्यात. वडील एकदाच म्हणाले, "सही घेऊन मग सांगितलं असतंस तर?" महिनाभर मी तेच तर करत होते. आईनं मात्र देवघराशेजारचं कात्रण न बोलता काढलं. भिंतीवर गोंदाचे चार डाग राहिले.

थर्माकोलचा डबा घेऊन मी पुन्हा कत्तलखान्यात गेले तेव्हा खलीलचाचांनी विचारलं, "फिर से शुरू? वो पहले का क्या हुआ?"

मी सांगितलं. मेलेल्या पेशींना जिवंत म्हणून दाखवलं, इतकंच.

त्यांना आधी कळेना की माणसं असं करतात. मग कळलं. बाजूला थुंकले. "हमारे धंदे में बासी कू ताजा बोले तो गिऱ्हाक मुँ पे फेंक के मारता," ते म्हणाले, आणि बर्फात लबलबा ठेवताना पुन्हा म्हणाले, "मुँ पे."

खुलताबादला मी दिवाळी झाल्यावर गेले. सुमनबाई ओट्यावर शेवटची फळं निवडत होत्या. वैशू आत झोपली होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, की पाल्याचं खोटं होतं, फोटो खोटा होता, पाल्यानं एकही पेशी जगली नव्हती.

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमाला कवा कळलं?"

"दसऱ्याच्या आधी."

त्यांचा हात फळावर थांबला. "म्हंजे वैशू चांगली होती तवा."

"हो."

"आन् मला सांगितलं नाय."

"नाही."

मला वाटलं त्या ओरडतील, शिव्या देतील. मी तयारी करून गेले होते. त्या पुन्हा फळं निवडायला लागल्या. नासकं बाजूला, चांगलं पाटीत. दर वेळी निघताना त्या माझ्या पिशवीत चार फळं घालायच्या. त्या दिवशी घातली नाहीत. मी बराच वेळ थांबले. मग निघाले.

पुढं पाच वर्षांनी त्या नियतकालिकानं निबंध मागं घेतला. एक परिच्छेद, इंग्रजीत. मी त्याचा कागद घेऊन खुलताबादला गेले. वैशू तेव्हा कॉलेजात जायला लागली होती, उंच झाली होती, सुई खिशातल्या डबीत घेऊन फिरायची. मी वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "हे पेपरात आलं का?"

"वर्तमानपत्रात? नाही."

"मग पेपरात तर अजून खरंच हाय ते," ती म्हणाली, आणि दोरीवरून काढलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

तिचं बरोबर होतं. ते कात्रण मेलं नाही. कुणीतरी त्याचा फोटो काढला आणि तो मोबाइलवर फिरायला लागला. दर वर्षी सीताफळं आली की तो कुठून तरी उगवतो. एकदा माझ्याच मावशीनं मला पाठवला, खाली हात जोडलेले, फुलं, 'अभिमान वाटतो गं'. त्यातली एकोणतीस वर्षांची मी गुच्छ धरून हसत असते. स्वतःचं हसू इतकं घाण वाटावं, याहून मोठी शिक्षा कुठल्या समितीनं दिली असती, मला माहीत नाही.

आता माझी स्वतःची छोटी प्रयोगशाळा आहे. अजून बकऱ्यांच्याच पेशींवर काम करते, त्या मरतात कशा, आणि मरायच्या आधी काय काय सहन करतात, यावर. मेलेल्या पुंजक्यांचे फोटो आधी छापते. अशा कामाला हार घालायला कुणी येत नाही. बरं वाटतं. गुलछडीचा वास माझ्या नाकाला कत्तलखान्याहून जड जातो.

काल दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"कुलकर्णी मॅडम का? मी चितेगावहून बोलतो. इथं कंपनीत कामाला हाये, आज घरीच हाये. तुमचा नंबर कॉलेजातून काढला. ते सीताफळाच्या पाल्याचं तुमचंच ना? मोबाइलवर आलंय. ताई, पाला किती येळ उकळायचा?"

"कुणासाठी पाहिजे?"

"मंडळीसाठी. तिला ल्हानपणापासून सुई हाय. आज सकाळची दिली नाय, म्हणलं तुम्हाला आधी इचारावं."

मी खुर्चीतून उठले होते. "पाला उकळू नका. सुई द्या. आत्ता द्या."

"पण यात तर लिव्हलंय..."

"त्यात दुसरं नाव आहे ना, गुच्छ घेतलेली बाई, ती मीच. ते खोटं आहे."

तिकडं यंत्रांचा घरघराट होता, की पंख्याचा, कळेना. मग तो हळू म्हणाला, "खोटं हाय? तुमचंच हाय आन् खोटं हाय?"

"व्हय. खोटं आहे."

"मग तवाच का नाय सांगितलं?"

बारा वर्षांत हा प्रश्न मला दोनदाच विचारला गेला, आणि दोन्ही वेळा ज्यांनी विचारला त्यांची शाळा चौथी-सातवीच्या पुढं गेली नसावी. "भ्याले होते," मी म्हटलं. "माझ्या सहीचं, पदवीचं बघत बसले. त्यात एक पोरगी मरता मरता वाचली. तुम्ही सुई द्या आधी, मग मला काय बोलायचं ते बोला. मी फोन ठेवत नाही."

मला त्याच्या चपलांचा आवाज आला, मग दार. मग लांबून, भांड्यांच्या आवाजातून त्याचा आवाज आला, घाईचा आणि चिडलेला.

"ए, ऐक गं. त्या पाल्याखालचा गॅस बंद कर. फ्रीजमधली सुई काढ आधी."